काँग्रेस गवताच्या मुळावर उठणारे किडे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गायरानांवर काँग्रेस गवताची पानं मेक्सिकन भुंग्यानं कितीही फस्त केली, तरी बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात. १९८४ साली बंगळूर परिसरात सोडलेला हा भुंगा मुळाला तोंड लावत नाही. पाऊस सरला की तो मातीत जाऊन सुप्तावस्थेत पडून राहतो.

तणाचा जीव मुळात असतो. उत्तर अमेरिकेतल्या चराऊ माळांवर युरोपातून आलेलं नॅपवीड नावाचं तण पसरलं, तेव्हा १९८०च्या दशकात तिथं सायफोक्लिओनस नावाचा सोंडकिडा सोडला गेला. त्याची मादी जमिनीलगत, मुळाच्या माथ्यावर अंडी घालते. बिनपायाची पांढरट अळी सोटमुळाच्या गाभ्यात शिरून पोखरत राहते आणि मूळ तिथं गाठीसारखं फुगतं. अगापेटा नावाच्या पतंगाची अळी त्याच मुळाच्या सालीखाली कुरतडते. साठवलेलं अन्न संपत जातं, जखमेतून बुरशी शिरते. लहान झाडं मरतात, मोठ्यांना फुलं कमी येतात. पण धीर हवा, कारण सोंडकिड्याला उडता येत नाही आणि वर्षाला त्याची एकच पिढी होते.

नॅपवीडचं मूळ काही वर्षं जगतं, म्हणून अळीचा हिवाळा त्यात निघतो. काँग्रेस गवत काही महिन्यांत हजारो बिया टाकून मोकळं होतं. किडा त्याआधीच मुळाशी पोचायला हवा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये त्यासाठी मेक्सिकोतला कारमेंटा पतंग सोडला गेला. त्याची अळी बुंध्यातून आत जाऊन मुळाची साल खाते.

मग तो आणून इथं सोडायचा का? आधी नीट तपासायचा. खोडात गाठी करणारा एपिब्लेमा पतंग ऑस्ट्रेलियात कामी आला, पण १९८०च्या दशकात बंगळूरच्या चाचण्यांत तो कारळ्यावरही पूर्ण वाढला. शास्त्रज्ञांनी त्याची सगळी पैदास नष्ट केली. कारळ्याच्या चटणीशिवाय ज्यांचं ताट पुरं होत नाही, त्या आपण त्यांचे आभारच मानायला हवेत.

मूळ पोखरलेलं तण लवकर हटतं ते शेजारी दाट गवत असलं तरच. उघड्या मातीत नवी रोपं लगेच उगवतात. म्हणून पहिल्या पावसानंतर काही आठवडे गायरानाचा एखादा तुकडा तरी चराईला बंद ठेवावा. फुलावर येण्याआधी काँग्रेस हातमोजे घालून मुळासकट उपटावं. टाकळा मात्र उपटू नये, त्याची दाटी झाली की काँग्रेसला जागा मिळत नाही.