ॲमेलिया एअरहार्टचं आजोळ

कोल्हापूरकरांना थोरांचं जन्मघर म्हटलं की कसबा बावड्याचा लक्ष्मी-विलास पॅलेस आठवतो. २६ जून १८७४ रोजी शाहू महाराज जन्मले ते तिथंच. अमेरिकेत कॅन्सस राज्यात ॲचिसन नावाचं गाव आहे, वस्ती साधारण ११ हजार, म्हणजे कागलपेक्षाही कमी. तिथंही एक जन्मघर जपलंय, वैमानिक ॲमेलिया एअरहार्टचं.

घर खरं तर एअरहार्टांचं नव्हेच. मिसुरी नदीकाठच्या उंच कड्यावर १८६१ मध्ये बांधलेलं हे घर न्यायाधीश आल्फ्रेड ओटिस यांचं. त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली आणि २४ जुलै १८९७ रोजी ॲमेलिया इथं जन्मली. ओटिस म्हणजे गावातली बडी असामी, बँकेचे अध्यक्ष. जावई एडविन वकील, पण सासऱ्यांच्या मनात तो कधी भरला नाही. हा पेच आपल्याकडं कुणाला समजावून सांगायला नको. आईवडील कॅन्सस सिटीत राहायचे आणि ॲमेलिया शाळेपुरती आजीआजोबांकडं असायची. आपल्याकडं सुट्टीत आजोळी जातात, ती सुट्टी लागली की आईवडिलांकडं जायची.

विमानाचा आणि या घराचा संबंध शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. तिनं पहिलं विमान पाहिलं ते पुढं आयोवातल्या जत्रेत, आणि गंजक्या तारा नि लाकडं यापलीकडं तिला त्यात काही दिसलं नाही. बालपणीची एक खोडी मात्र सांगण्यासारखी. मामाच्या मदतीनं शेडच्या छपरावरून उतरती फळी लावून ती लाकडी खोक्यात बसून खाली घसरली होती. आदळली, ओठ फुटला, तरी खूश.

उडायला शिकली ती १९२१ मध्ये, कॅलिफोर्नियात, नेटा स्नूक या बाईंकडं. १९२८ मध्ये विमानानं अटलांटिक ओलांडणारी पहिली स्त्री म्हणून तिचा गवगवा झाला, पण विमान चालवत होते दुसरेच. आपण बटाट्याच्या पोत्यासारख्या गेलो, असं तीच म्हणाली. ती सल मे १९३२ मध्ये फिटली. न्यूफाउंडलंडहून निघून सुमारे १५ तासांनी ती एकटी उत्तर आयर्लंडच्या एका कुरणात उतरली. जून १९३७ मधल्या जगप्रदक्षिणेत कराची आणि कलकत्ता हे तिचे मुक्काम होते. २ जुलैला न्यू गिनीतल्या लाएहून उडालेलं तिचं विमान हाउलँड बेटावर पोचलंच नाही.

घराची फरफट त्याआधीच झाली होती. जावई दारू प्यायचा, त्यामुळं आजीनं लेकीचा वाटा विश्वस्तांकडं ठेवला. आजीआजोबा गेल्यावर घर आणि सामान लिलावात निघालं. ॲमेलियाच्या लेखी तिचं बालपण तिथं संपलं. पुढं कित्येक वर्षं तिथं इतर कुटुंबं राहिली.

ते परत मिळालं तिच्याच पेरणीतून. २ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळ काही महिला वैमानिक जमल्या. अमेरिकेत परवाना असलेल्या ११७ जणींपैकी ९९ जणींनी नाव नोंदवलं, म्हणून संघटनेचं नावच ‘नाइंटी-नाइन्स’ पडलं. पहिली अध्यक्ष ॲमेलिया. याच संघटनेनं १९८४ मध्ये, गावातल्या एका डॉक्टरांच्या देणगीवर, हे घर घेतलं आणि त्याचं संग्रहालय केलं.

मला यातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडं वास्तू जपायची म्हणजे निवेदन द्यायचं, निधी मंजूर व्हायची वाट बघायची, मग पुरातत्त्व खात्याची. बावड्याचं कामही त्याच वाटेनं गेलं. सरकारनं करू नये असं नाही. पण कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ शाहू महाराजांचे पुत्र राजाराम महाराज यांच्या काळातला. त्याची कहाणी जपायला उद्या इथले वैमानिक आणि तंत्रज्ञ स्वतः एकत्र आले, तर ती वेगळ्या रंगात सांगितली जाईल.

ॲचिसनकरांनीही सगळा भार त्या घरावर टाकलेला नाही. २०२३ मध्ये गावच्या विमानतळावर वेगळं हँगर संग्रहालय सुरू झालं. ॲमेलियाच्या शेवटच्या विमानाच्या जातीचं, जगात उरलेलं एकमेव लॉकहीड इलेक्ट्रा १०-ई तिथं आहे. त्याला नाव दिलंय ‘म्यूरिअल’, तिच्या धाकट्या बहिणीचं.