टाइप ५ की टाइप ९? दोघंही गप्पच बसतात, पण कारण वेगळं असतं

मीटिंग चालू आहे, स्क्रीनवर एक शीट आहे आणि त्यातली एक बेरीज चुकलीये. खोलीत आठ जण आहेत, चूक फक्त दोघांना दिसलीये आणि ते दोघंही गप्प आहेत. बाहेरून बघितलं तर दोघं अगदी सेम, शांत, मोजकं बोलणारे, डोकं सतत चालू, कुणाच्या भांडणात कधी नाहीत, एमबीटीआय ही चार अक्षरांत स्वभाव सांगणारी टेस्ट दिली तर दोघांचाही रिझल्ट आयएनटीपी येईल, म्हणजे अंतर्मुख, कल्पनांमधे रमणारा, लॉजिकने निर्णय घेणारा. पण एक गप्प आहे कारण नुसती बेरीज चुकलीये की मागचा फॉर्म्युलाच चुकलाय हे त्याला अजून तपासायचंय, अर्धवट माहितीवर तोंड उघडणं त्याला पटत नाही. दुसऱ्याची खात्री पहिल्या दहा सेकंदातच झालीये, तो गप्प आहे कारण जिने शीट बनवलीये तिचा चेहरा सगळ्यांसमोर कसा पडेल हे त्याला आकड्याच्याही आधी दिसलंय.

एनिअग्रॅम ही माणसांचे नऊ स्वभावप्रकार मांडणारी पद्धत, तिच्या भाषेत पहिला टाइप ५ आणि दुसरा टाइप ९. यांच्यातली गल्लत खूप लोक करतात, मी स्वतःबद्दल कितीतरी वर्षं केली आणि त्याचे परिणाम भोगले, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी एक गैरसमज काढून टाकूया. आयएनटीपी मधला टी म्हणजे थिंकिंग, आणि लोकांना वाटतं टी म्हणजे तोंडावर बोलणारा, भांडणाला न घाबरणारा. तसं नाहीये. ही कल्पना मूळची मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगची, १९२१ मधली, आणि त्याने थिंकिंग आणि फीलिंग दोन्हींना रॅशनल म्हटलंय, म्हणजे दोन्ही निर्णय घ्यायच्याच पद्धती. टी एवढंच सांगतं की तू मनात निर्णय कशाच्या आधारावर घेतोस, तो निर्णय तू चारचौघांत बोलून दाखवतोस का हा पूर्ण वेगळा प्रश्न आहे. १९८९ मधे मॅक्रे आणि कोस्टा या दोन मानसशास्त्रज्ञांनी एमबीटीआय आणि बिग फाइव्ह, म्हणजे पाच घटकांवर स्वभाव मोजायची पद्धत, शेजारी ठेवून बघितलं. फीलिंगवाल्यांमधे अ‍ॅग्रीएबलनेस म्हणजे जुळवून घेण्याची वृत्ती जास्त सापडली खरी, पण तो संबंध मध्यमच होता. म्हणजे डोक्याने चालणारी आणि तरीही जुळवून घेणारी माणसं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट, बिग फाइव्हमधला पाचवा घटक, न्यूरोटिसिझम, म्हणजे काळजी, भीती, पटकन अस्वस्थ होणं, तो एमबीटीआयच्या चार अक्षरांत कुठेच बसत नाही. वाद टाळण्यामागची भीती मोजायची सोयच त्या टेस्टमधे नाहीये! मग चार अक्षरं बघून माणूस गप्प का बसतो हे कळणार कसं.

म्हणून लोक एनिअग्रॅमकडे वळतात. आज चालतो तो एनिअग्रॅम इचाझो आणि नरांहो या दोघांच्या शिकवणीतून १९७० च्या आसपास घडला, आणि शास्त्रीय पुराव्याच्या बाबतीत तो बिग फाइव्हच्या जवळपासही नाही हे मान्य करूनच पुढे जाऊया. माझ्यासाठी तो स्वतःला प्रश्न विचारायची एक भाषा आहे आणि त्या कामाला तो खरंच उपयोगी पडतो.

त्यात ५ हा ६ आणि ७ सोबत डोक्याच्या गटात येतो, त्या गटाच्या मुळाशी भीती. ९ हा ८ आणि १ सोबत शरीराच्या गटात, तिथे मुळाशी राग. शांत बसणाऱ्या ९ च्या मुळाशी राग, हे वाचून पहिल्यांदा मलाही पटलं नव्हतं. पण ८ राग बाहेर काढतो, १ तो शिस्तीत कोंडतो आणि ९ ला आपण रागावलोय हेच कळत नाही, झोपवून टाकलेला असतो तो राग. मग हे दोघं सारखे का दिसतात? कारण अजून एक गट आहे, मागे सरकणाऱ्यांचा, त्यात ४, ५ आणि ९ तिघंही येतात. ही वाटणी कॅरेन हॉर्नाय या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या विचारावरून आलीये, त्यांनी १९४५ मधे मांडलं होतं की ताण आला की माणूस लोकांकडे जातो, लोकांवर जातो किंवा लोकांपासून लांब जातो. ५ आणि ९ दोघंही लांबच जातात, फक्त ५ खोली सोडून जातो आणि ९ खोलीत बसूनच निघून जातो.

आता खरा फरक. आपल्याकडे वाद आणि भांडण हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, तर वादाचेही प्रकार केलेत, सत्य शोधायला घालतात तो वाद, जिंकण्यासाठी घालतात तो जल्प आणि समोरच्याचं नुसतं पाडायला घालतात ती वितंडा, ज्यावरून आपण वितंडवाद म्हणतो. टाइप ५ ला वाद मनापासून आवडतो. एखाद्या संकल्पनेवर त्याच्याशी दोन तास घासाघीस करा, तो ताजातवाना होऊन उठेल, तुम्ही दुखावलात का हे त्याच्या लक्षातही येणार नाही कारण त्याच्या लेखी तिथे दुखावण्यासारखं काही घडलंच नाही. तो पळतो भांडणापासून, कारण भांडणात समोरचा त्याच्याकडून वेळ, ताकद, भावना सगळं आत्ताच्या आत्ता मागतो आणि तेवढी शिल्लक आपल्याकडे नाही असं त्याला कायम वाटतं. ९ चं तसं नाही. ९ ला साध्या वादातही भांडणाचा वास येतो, आवाज जरा चढला, वाक्य जरा तुटक आलं की त्याचं लक्ष मुद्द्यावरून उडतं आणि माणसांवर जातं, आता हा नाराज होणार, आता ती उठून जाणार. मुद्दा बरोबर असला तरी तो सोडून देतो, वर हसून म्हणतो की जाऊ दे, एवढं काही महत्त्वाचं नाहीये.

थॉमस आणि किलमन यांनी १९७४ मधे संघर्ष हाताळायच्या पाच पद्धती मांडल्या, त्यात टाळणं आणि नमतं घेणं या दोन वेगळ्या मोजल्यात. टाळणाऱ्याला ना स्वतःचं पुढे रेटायचं असतं ना समोरच्याचं करायचं असतं, नमतं घेणारा मात्र समोरच्याचं करून देतो. माझ्या मते ५ बहुतेक वेळा पहिल्यात आणि ९ दुसऱ्यात. पण ९ च्या नमतं घेण्यात एक गोम आहे, तो तोंडाने हो म्हणतो आणि मग ते काम होतच नाही. विसरतो, उद्यावर टाकतो, दुसरंच काहीतरी करत बसतो. तो मुद्दाम करत नाही, त्याचा न बोललेला नकार असा बाहेर पडतो. ५ चा नकार लवकर कळतो, तो नाही म्हणतो किंवा मेसेजला उत्तरच देत नाही.

मी स्वतःला पाच समजायचे. वाचन भरपूर, एकटीला करमतं, कुठल्याही विषयाच्या मुळाशी जायची सवय, अजून काय पाहिजे. मग एकदा एका मैत्रिणीबरोबर एक काम अर्धं अर्धं करायला घेतलं, तिने केलेली वाटणी चुकीची होती हे मला पहिल्याच दिवशी दिसत होतं, आणि मी काय केलं तर आपण बोलावं की नाही याचं अ‍ॅनालिसिस सुरू केलं. बोलले तर काय फायदा, काय तोटा, ती कशी रिअ‍ॅक्ट होईल, वेळ किती वाचेल, मैत्रीचं काय होईल, पानं भरून. लॉजिक चोख होतं, उत्तर आलं की आत्ता न बोललेलंच बरं. पुढच्या आठवड्यात परिस्थिती बदलली, परत हिशोब केला, परत तेच उत्तर. मग काम जवळजवळ फसलं, परत हिशोब, परत तेच. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की आकडे कुठलेही घातले तरी उत्तर जर गप्प बस हेच येत असेल तर तो हिशोब नाहीये. उत्तर आधीच ठरलंय आणि मी त्याला कारणं पुरवतेय. चार महिने मी मूग गिळून बसले होते आणि त्याला विचारपूर्वक निर्णय म्हणत होते.

या ठिकाणी बुद्धिमान ९ हमखास फसतो, आणि मला याची खरंच काळजी वाटते, कारण साधा भित्रा माणूस निदान स्वतःशी कबूल करतो की मी घाबरलो. अ‍ॅनालिटिकल माणसाकडे मात्र कुठल्याही गोष्टीची बाजू मांडायची ताकद असते, त्यामुळे तो स्वतःलाच पटवून देतो. त्यात ९ ला सगळ्यांच्या बाजू दिसतात, हा त्याचा खरा मोठा गुण, दोघांच्या भांडणात मधे बसून दोघांनाही ऐकून घेतल्यासारखं वाटावं असं बोलणं सगळ्यांना जमत नाही. पण याचंही बरोबर, त्याचंही बरोबर करता करता स्वतःचं मत कुठे गेलं हे त्याला सापडत नाही.

तपासायचं असेल तर एक सोपा प्रश्न विचारा, तुला काय वाटतं? ५ म्हणेल मला अजून विचार करायचाय, आणि दोन दिवसांनी खरंच एक लांबलचक, नीट बांधलेलं उत्तर घेऊन येईल. ९ तुम्हाला बाकी सगळ्यांना काय वाटतं ते सुंदर समजावून सांगेल आणि शेवटी म्हणेल, मला काय, काहीही चालेल.

शरीरावरूनही कळतं. वाद पेटला की ५ चं डोकं जास्त लख्ख होतं, आवाज सपाट, चेहरा कोरा, जणू लांबून बघतोय. ९ ला धुकं येतं, शब्द सुचत नाहीत, कधी चक्क झोप येते, आणि काय बोलायला पाहिजे होतं ते तीन दिवसांनी चालताना अख्खंच्या अख्खं सुचतं, रागासकट. जोडप्यांवर संशोधन करणाऱ्या गॉटमन यांचं म्हणणं असं की भांडणात हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण १०० च्या वर गेले की माणूस नीट ऐकू आणि विचार करू शकत नाही, शांत व्हायला निदान २० मिनिटं लागतात. हे दोघांनाही लागू आहे. फक्त ब्रेक घेताना मी परत येतोय हे सांगून जायला पाहिजे, ५ न सांगता जातो आणि ९ ब्रेक संपल्यावर विषयच काढत नाही.

काही जण म्हणतात की ९ असेल तर तो आयएनटीपी नसतोच, चुकून आलेला आयएनएफपी असतो, म्हणजे टी च्या जागी एफ, फीलिंगवाला. मला हे पटत नाही. आयएनएफपी मनात विचारतो की हे माझ्या मूल्यांना धरून आहे का. आयएनटीपी ९ मनात विचारतो की हे बरोबर आहे का, सुसंगत आहे का, तिथे तो अगदी कोरडा असतो, मऊपणा येतो तो बोलायच्या क्षणी. दोघांचं तोंडातून निघालेलं वाक्य सारखं वाटेल पण आतला प्रवास वेगळा आहे.

मग लॉजिक आणि शांतता यांचा मेळ घालायचा कसा, तर दोघांना दोन वेगळी औषधं. ५ ने आपलं गप्प बसणं उलगडून सांगावं, मला काहीतरी खटकतंय, उद्यापर्यंत बघून सांगतो, एवढं एक वाक्य पुरतं, नाहीतर लोक त्याच्या शांततेचा अर्थ होकार किंवा तुच्छता असा लावतात आणि दोन्ही चूक असतात. ९ ने क्रम बदलावा. आधी कुणाचाही चेहरा डोळ्यासमोर न आणता, काय बरोबर आहे ते एका ओळीत लिहून काढायचं, आणि ते लिहून झाल्यावरच ते कसं, कधी, कुणासमोर सांगायचं याचा विचार करायचा. काय बोलायचं ते लॉजिक ठरवेल, कसं बोलायचं ते शांतता जपणारं मन ठरवेल. माझ्या बाबतीत गडबड कायम इथेच व्हायची, दुसरा प्रश्न आधी सोडवायला घ्यायचे आणि त्यात पहिल्याचं उत्तरच बदलून जायचं. आणि नंतर एकटीला गाठून सांगेन असं ठरवलं असेल तर दिवस आणि वेळही तिथेच ठरवा, कारण ९ चं नंतर कधी उगवत नाही.

त्या मीटिंगमधल्या ५ ने रात्री अकराला मेल टाकला, तीन परिच्छेद, फॉर्म्युला कुठे बिघडला आणि आधीच्या दोन शीटमधेही तोच कसा आहे हे सगळं त्यात होतं, फक्त तो मेल सगळ्यांना सीसी होता. आणि ९ ने कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, बारावी ओळ, बेरीज चूक, मग मिनिटभर थांबून तो म्हणाला, पुढे जायच्या आधी बाराव्या ओळीवर एक मिनिट थांबूया का, मला तिथला आकडा जुळत नाहीये.