नडगीतला रॉड किती पक्का हवा?

रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली आणि रात्री मागून येणारी मोटरसायकल, ही जोडी सांगली जिल्ह्यात कुणालाच नवी नाही. मोटरसायकलवर बसलेल्या माणसाचा गुडघ्याखालचा पाय सगळ्यात उघडा असतो आणि पहिला मार बहुतेक वेळा त्यालाच बसतो. नडगीवर आतल्या बाजूने बोट फिरवून बघा. कातडीखाली लगेच हाड लागतं, मध्ये स्नायूची गादी नाही. त्यामुळे हे हाड मोडलं की कातडी फाडून बाहेर यायला वेळ लागत नाही. शिवाय खालच्या तिसऱ्या भागात रक्तपुरवठा मुळातच बेताचा, म्हणून जुळायलाही ते सावकाश जुळतं.

मिरजेत ऑपरेशन थिएटरबाहेर थांबलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टर, रॉड पक्का बसलाय ना? आता हलणार नाही ना?" या प्रश्नाला डॉक्टर सहसा "हो, पक्का बसलाय" म्हणतात आणि पुढे जातात. खरं उत्तर जरा वेगळं आहे. रॉड म्हणजे हाडाच्या पोकळीत घातलेली धातूची कांडी. तो टाकलेल्या नडगीत मोडलेली टोकं किंचित हलतात, आणि ती हलायलाच हवीत.

किती हलली तर चालतं याचा हिशोब स्विस शल्यतज्ज्ञ स्टीफन पेरेन यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस मांडला. फटीची रुंदी किती आणि त्या फटीत हालचाल किती, यांचं गुणोत्तर त्यांनी धरलं आणि त्याला ताण म्हटलं. फट १ मिलिमीटरची आणि हालचाल अर्धा मिलिमीटर, तर ताण ५० टक्के. हाड मात्र तुकडे-तुकडे होऊन २० मिलिमीटरच्या पट्ट्यात पसरलं असेल आणि एकूण हालचाल २ मिलिमीटर असेल, तर ताण फक्त १० टक्के. म्हणजे हालचाल चौपट असूनही पेशींना जाणवणारा ताण पाचपट कमी! आता पेशींचं बघू. जखमेत सुरुवातीला तयार होणारी मऊ लालसर ऊती १०० टक्क्यांपर्यंतचा ताण सोसते, कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक ऊती, सुमारे १० टक्के, आणि हाड जेमतेम २ टक्के. यापेक्षा जास्त हललं तर तिथे हाड तयारच होऊ शकत नाही.

मग ५० टक्के ताणाच्या फटीत हाड येतं कुठून? शरीर थेट हाड बनवायला बसत नाही. आधी फटीच्या कडा थोड्या झिजतात, फट रुंदावते आणि ताण आपोआप उतरतो. मग मऊ ऊती भरते, तिच्यामुळे हालचाल थोडी कमी होते. कमी हालचालीत कूर्चा धरते, कूर्चा आणखी घट्टपणा आणते आणि शेवटी हाडाला लागणारी शांतता मिळते. त्यातही नवं हाड फटीच्या आत धरण्याआधी बाहेरच्या अंगाला, मोडलेल्या जागेभोवती जाड कड्यासारखं धरतं. त्यालाच कॅलस म्हणतात. बाहेर का, याचं कारण शुद्ध यांत्रिकी आहे. गोल दांडीचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, त्यामुळे मध्यापासून लांब ठेवलेला थोडासा मालही खूप काम करतो. एक्स-रेत मोडल्या जागी दिसणारा फुगा पाहून "हाड वेडंवाकडं वाढलंय" म्हणून घाबरणारे लोक मी पाहिलेत. तो फुगा म्हणजे शरीराने केलेली उत्तम इंजिनिअरिंग आहे.

या कॅलसला थोडी हालचाल लागते. गुडशिप आणि केनराइट या संशोधकांनी १९८५ साली मेंढ्यांच्या नडगीवर केलेला प्रयोग आजही सांगितला जातो. बाहेरून फिक्सेटर, म्हणजे हाड धरून ठेवणारी चौकट, लावलेल्या मोडलेल्या हाडाला त्यांनी रोज फक्त १७ मिनिटं, १ मिलिमीटरची उघडझाप दिली. तेवढ्यावर ती हाडं पूर्ण स्थिर ठेवलेल्या हाडांपेक्षा चांगली जुळली.

याच्या अगदी उलट टोकाचा विचार १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या एओ या शल्यतज्ज्ञांच्या गटाने रुजवला. टोकं तंतोतंत जुळवायची, प्लेट आणि स्क्रूने एकमेकांवर दाबायची, हालचाल शून्य. अशा वेळी कॅलस येतच नाही, हाड थेट हाडाला जुळतं. सांध्याच्या पृष्ठभागापर्यंत गेलेल्या फ्रॅक्चरला आजही हाच मार्ग, कारण तिथे पायरी राहून चालत नाही. पण नडगीच्या मधल्या भागात त्यासाठी पातळ कातडी उघडायची आणि हाडावरचं रक्त देणारं आवरण सोलायचं, हा सौदा मला तरी महागाचा वाटतो. तिथे रॉडच बरा.

हाडाच्या पोकळीत रॉड घालण्याची पद्धत जर्मनीच्या गेरहार्ड क्युन्चर यांनी १९३९मध्ये मांडीच्या हाडावर सुरू केली. तो रॉड वाकणं अडवायचा, पण पाय फिरणं आणि आखूड होणं त्याला नीट अडवता येत नव्हतं. ते काम पुढे रॉडच्या दोन्ही टोकांना हाडातून आरपार जाणाऱ्या स्क्रूंनी केलं. व्यासाच्या चौथ्या घाताचा नियम इथेही लागू आहे. ८ मिलिमीटरच्या भरीव रॉडऐवजी १० मिलिमीटरचा घातला तर वाकण्याला विरोध जवळपास अडीचपट होतो. पोकळी आतून थोडी खरवडून रुंद करण्यामागे, म्हणजे रीमिंगमागे, हेही एक कारण आहे.

"टायटॅनियमचा टाका डॉक्टर, पैशाचं बघू" हे वाक्यही इकडे नेहमीचं. महाग म्हणजे कडक, असा समज. प्रत्यक्षात त्याच मापाचा टायटॅनियमचा रॉड स्टीलच्या रॉडपेक्षा साधारण निम्माच ताठ असतो. वाईट नाही ते, उलट हाडाच्या लवचिकतेच्या तो जरा जवळ जातो. पण "जास्त पक्का" म्हणून त्याचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

खरी डोकेदुखी खालच्या तिसऱ्या भागात. नडगीची पोकळी मध्ये अरुंद आणि घोट्याकडे रुंद होत जाते. वर घट्ट बसलेला रॉड खाली सैल पडतो आणि पाऊल एका अंगाला कलायला लागतं. कुदळीचा दांडा खिळखिळा झाला की आपण पाचर ठोकतो, तेच इथे करतात. रॉडच्या शेजारी, हाडात आडवा एक स्क्रू असा घालायचा की रॉडला त्या बाजूला सरकायला जागाच उरू नये. हा ब्लॉकिंग स्क्रू रॉडमधून जात नाही. त्यामुळे एक्स-रे पाहणाऱ्या एखाद्याला "स्क्रू चुकून बाहेर गेलाय" असं वाटतं. तो मुद्दामच तिथे असतो.

आता वजनाचं. शेजारशेजारच्या खाटांवर दोघेही नडगीत रॉड टाकलेले. एकाला दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात, दुसऱ्याला सहा आठवडे पाय टेकू देत नाहीत. यात पक्षपात नाही. पहिल्याचं हाड आडवं मोडलंय. टोकं एकमेकांवर टेकतात आणि निम्मा-अधिक भार हाडच घेतं. दुसऱ्याचा चुरा झालाय, सगळा भार रॉड आणि बारीक स्क्रूंवर. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपट जोर येतो, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला १६० किलोच्या आसपास. दिवसाला पाच हजार पावलं धरली तर त्या एका पायावर अडीच हजार, चाळीस दिवसांत एक लाख. एका झटक्यात न मोडणारा स्क्रू लाखभर वेळा वाकून थकतो आणि तुटतो. हाड आधी जुळणार की धातू आधी थकणार, अशी ही शर्यत असते. तंबाखू आणि मिश्री यात हाडाला मागे खेचतात, कारण निकोटिन रक्तवाहिन्या आखडतं. "तेवढी एकच सवय आहे" म्हणणाऱ्याच्या हाडाला ते पटत नाही.

काही महिन्यांनी हाड सुस्त वाटलं तर डॉक्टर एका टोकाचा स्क्रू काढतात, म्हणजे टोकं एकमेकांवर दाबली जातात. घरच्यांना वाटतं ऑपरेशन फसलं. तसं नसतं, मुद्दाम थोडी ढिलाई दिलेली असते. पण घाईही नको. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नडगीत रॉड टाकलेले १,२२६ रुग्ण तपासले गेले. त्यात पुन्हा ऑपरेशनचा निर्णय शक्य तिथे सहा महिने लांबवायचा असं ठरलं होतं, आणि त्या काळात बरीचशी हाडं आपली आपण जुळली.

जुळलं हे कसं ओळखायचं? समोरून आणि बाजूने काढलेल्या दोन एक्स-रेंत मिळून हाडाच्या चार कडा दिसतात. त्यातल्या तीन कडांवरून कॅलसचा पूल गेलेला दिसला आणि चालताना त्या जागी दुखत नसेल, तर सहसा जुळलं म्हणतात. त्यानंतर रॉडवर फारसा भार राहत नाही. त्रास नसेल तर तो आयुष्यभर आत राहिला तरी चालतो. काढलाच, तर स्क्रूंची रिकामी भोकं भरून यायला काही महिने लागतात. तोवर पळणं, उड्या आणि डोक्यावरचं जड ओझं बंद ठेवावं लागतं, कारण हाड पुन्हा मोडलं तर ते त्या भोकांतून मोडू शकतं.