आयर्न शेफ
आयर्न शेफ : जपानच्या फुजी टेलिव्हिजनवर १० ऑक्टोबर १९९३ ते २४ सप्टेंबर १९९९ या काळात नियमित प्रसारित झालेला पाकस्पर्धेचा कार्यक्रम आणि त्यावरून रूढ झालेला स्पर्धाप्रकार. त्यात कार्यक्रमाचे कायमचे बल्लव, म्हणजे ‘लोहपुरुष’, आणि बाहेरून आलेला आव्हानवीर एकाच मुख्य जिनसापासून ठरावीक वेळात पदार्थ करतात. मूळ नाव ‘र्योरी नो तेत्सुजिन’.

‘र्योरी’ म्हणजे पाककला. ‘तेत्सुजिन’चा शब्दार्थ लोहपुरुष. लोहपुरुष म्हटले की आपल्याला सरदार पटेल आठवतात. जपानी शब्दाची छटा मात्र निग्रहापेक्षा दमसासाची, न थकता टिकून राहण्याची आहे. १९५६ साली सुरू झालेल्या एका चित्रकथेतील ‘तेत्सुजिन २८’ या यंत्रमानवामुळे हा शब्द घरोघरी पोचला. पुढे हिरोशिमाच्या संघातील बेसबॉलपटू किनुगासा साचिओ यालाही हेच बिरुद चिकटले; त्याच्या पाठीवरचा सुरुवातीचा क्रमांकही २८ होता. सलग २,२१५ सामने खेळल्यावर त्याच्या बाबतीत ते शब्दशः खरे ठरले. कार्यक्रमाच्या नावाचे नाते यंत्रमानवाशीही जोडता येते. पण आव्हानवीरांना एकामागून एक तोंड देणारा बल्लव हे रूप पाहता खेळाडूशी असलेले नाते अधिक जवळचे वाटते. ‘तत्त्वज्ञ’ या अर्थाच्या वेगळ्या चित्रलिपीतील शब्दाचा उच्चारही ‘तेत्सुजिन’च आहे. हा श्लेष हेतुपुरस्सर असावा असे मानायला फारसा आधार नाही.

स्पर्धाप्रकाराच्या उगमाविषयी दोन दिशांनी विचार करता येतो. १९८०च्या दशकातील जपानी चित्रकथांत दोन स्वयंपाक्यांची जुगलबंदी आणि एका घासाने गहिवरणारे परीक्षक आधीच आले होते. दुसरीकडे, त्याच दशकातील तेजीने महागड्या खाण्याची चटक लावली होती. १९९०च्या सुमारास तेजीचा फुगा फुटला. खिसे आकसले आणि झिंगे, ट्रफल (महागडी भूछत्रे), फ्वा ग्रा (बदकाचे किंवा हंसाचे यकृत) यांचे ढीग पडद्यावर आले. साचा चित्रकथांचा आणि भूक तेजीची, असे म्हणणे बहुधा वस्तुस्थितीला धरून होईल.

कार्यक्रमाची खरी ताकद मात्र गंभीर चेहऱ्याने केलेल्या थट्टेत होती. संगीत रंगभूमीवरील नट कागा ताकेशी हा एका काल्पनिक वाड्याचा धनी, म्हणजे कार्यक्रमाचा ‘अध्यक्ष’. भरजरी पोशाखात तो पिवळी ढोबळी मिरची कचकन चावतो आणि कॅमेऱ्याकडे पाहून हसतो. लोहपुरुष पाटावरून वर येतात, दिवसाच्या मुख्य जिनसावरचे कापड बाजूला होते, फ्रेंचमध्ये आरंभाची आरोळी होते आणि साठ मिनिटांचे घड्याळ सुरू होते. वार्ताहर ओता ओट्यांमध्ये धावत, निवेदकाला ‘फुकुइ-सान!’ अशी हाक घालून कोणत्या पातेल्यात काय पडले ते सांगतो. पुढे परीक्षक प्रत्येकी २० पैकी गुण देतात; बरोबरी झाली तर अर्ध्या तासाचा जादा डाव.

लोहपुरुषांपैकी मिचिबा रोकुसाबुरो आपले पदार्थ कुंचल्याने लिहून ठेवी. पहिल्यापासून शेवटपर्यंत पदावर राहिलेला एकमेव लोहपुरुष चेन केन्इची. जपानला मापो तोफू या चीनच्या सेचुआन पद्धतीच्या तिखट पदार्थाची गोडी लावणाऱ्या चेन केन्मिनचा हा मुलगा. समालोचक हात्तोरी युकिओ पोषणशास्त्राच्या शाळेचा प्रमुख होता व पुढे अन्नशिक्षणाच्या चळवळीतही पुढे राहिला. संहितालेखकांतील कोयामा कुन्दो याच्या कल्पनेतून पुढे ‘कुमामोन’ हे अस्वलाचे प्रादेशिक बोधचिन्ह आले.

अमेरिकेत १९९९ पासून फूड नेटवर्कवर इंग्रजी आवाजात हा कार्यक्रम दाखवला गेला. बहुतेकांच्या तोंडी इंग्रजी आले, कागाचे जपानी मात्र तसेच ठेवून खाली शब्द उमटवले. परकेपणाची ही मजाच प्रेक्षकांना भावली असावी. २००० साली न्यूयॉर्कच्या लढतीत अमेरिकी बल्लव बॉबी फ्ले विजयाच्या आवेशात चॉपिंग बोर्डवर चढून उभा राहिला आणि लोहपुरुष मोरिमोतो मासाहारुने तो बल्लवच नव्हे असे सुनावले. अन्नाला पाय लागला की हात जोडणाऱ्यांना मोरिमोतोचा राग समजावून सांगावा लागत नाही. २००१ ची पहिली अमेरिकी आवृत्ती दोन भागांत आटोपली. २००५ पासूनची मालिका टिकली. तिच्यातील नवा ‘अध्यक्ष’ हा कागाने रंगवलेल्या अध्यक्षाचा पुतण्या असल्याची बतावणी होती. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, थायलंड, व्हिएतनाम, कॅनडा येथेही आवृत्त्या निघाल्या. जपानमधील २०१२ चे पुनरुज्जीवन अल्पजीवी ठरले.

या प्रकारातून आलेली काही नावे मुंबईशी जोडलेली आहेत. मोरिमोतोचे ‘वसाबी’ हे उपाहारगृह २००४ मध्ये ताजमहाल हॉटेलात उघडले. मुंबईत जन्मलेला बल्लव जहांगीर मेहता नवा लोहपुरुष निवडण्याच्या २००९ च्या अमेरिकी स्पर्धेत उपविजेता ठरला. भारतात लोकप्रिय झालेली ‘मास्टरशेफ’ मालिका मात्र या कुळातली नव्हे; ती ब्रिटिश वंशाची असून तिच्यात हौशी स्वयंपाकी उतरतात, लोहपुरुष नाहीत.