मुंबईत कोण कधी आला? भूमिपुत्र आणि परप्रांतीय वादामागचे कायदे, तारखा आणि कागद

मुंबईत परप्रांतीयांचा वाद पेटला की चार तक्रारी एका दमात ऐकू येतात: नोकऱ्या गेल्या, मजुरी पडली, रेशनचा वाटा गेला, घरं हाताबाहेर गेली. प्रत्येक तक्रारीचा इतिहास वेगळा आहे, खातं वेगळं आहे आणि कागदही वेगळा आहे. नोकरीला १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, झोपडीला मतदार यादीतलं जुनं नाव, धान्याला आधारशी जोडलेलं रेशनकार्ड. मजुरीला मात्र असा कोणताच कागद नाही, आणि खरी चढाओढ तिथेच आहे.

मुळात हे शहर आलेल्यांचंच. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, तेव्हापासून रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची माणसं गिरणगावात येत राहिली. त्यांच्यामागून उत्तरेकडचे विणकरही आले. १९०१ च्या जनगणनेत मुंबईतल्या दर चार माणसांपैकी तिघांचा जन्म शहराबाहेरचा होता. १९६१ मध्ये हे प्रमाण ६४ टक्क्यांच्या आसपास होतं, तर २००१ मध्ये ते ४४ टक्क्यांपर्यंत उतरलं. बाहेरून आलेल्यांमध्ये सर्वांत मोठा गट महाराष्ट्रातल्याच इतर जिल्ह्यांचा, ही गोष्ट वादाच्या भरात बाजूला पडते.

गिरणीत माणूस घ्यायचा तो मुकादम. तोच कामावर ठेवी, तोच काढी, दस्तुरी (नोकरी लावण्याची दलाली) घेई, अडीनडीला व्याजाने पैसेही देई. साहजिकच मुकादम ज्या गावचा, त्या गावच्या माणसांनी खातं भरायचं. ही पकड ढिली करण्यासाठी गिरणीमालकांनी १९३५ मध्ये बदली कामगारांना, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी घेतल्या जाणाऱ्यांना, कार्ड देण्याची पद्धत आणली. कार्डवाल्याने रोज सकाळी फाटकाशी हजर व्हायचं आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. मुकादमाचा हात आखडला, पण ओळखीने माणूस लावण्याची रीत संपली नाही. बेकरी, टॅक्सी, यंत्रमाग, दूध, इस्त्री अशा धंद्यांत ती आजही चालते. 'त्यांनी आमच्या जागा अडवल्या' ही तक्रार जिथे खरी असते, तिथे तिच्यामागे बहुधा हीच रीत असते: जागा सुटल्याची जाहिरातच होत नाही, गावाकडे फोन जातो.

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा मुंबईत मराठी बोलणारे ४३ टक्क्यांच्या घरात होते. राजधानी आपली झाली, पण फोर्टातल्या कचेऱ्यांत टेबलामागे दुसरेच. भूमिपुत्रांचा पहिला मोठा वाद मजुरांवरून झालाच नाही. तो झाला टायपिस्ट, स्टेनो आणि कारकुनांच्या नोकऱ्यांवरून, आणि रोख होता दक्षिण भारतीयांवर. मद्रासकडच्या मुलांकडे इंग्रजी, टंकलेखन आणि लघुलेखन हे तिन्ही होतं, शिवाय आधी लागलेला माणूस पुढच्याची ओळख करून देई. 'मार्मिक' साप्ताहिकाने कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापायला सुरुवात केली. १९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली आणि ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना ही मागणी रस्त्यावर आली.

मागणी सोपी, कायदा अवघड. घटनेच्या अनुच्छेद १९ ने देशात कुठेही राहण्याची आणि धंदा करण्याची मुभा दिलेली. सरकारी नोकरीत जन्मस्थान किंवा वास्तव्यावरून भेद करायचा नाही, असं अनुच्छेद १६(२) सांगतो. १६(३) मध्ये फट आहे, पण ती संसदेसाठी, राज्याच्या विधिमंडळासाठी नाही. संसदेने १९५७ मध्ये कायदा करून अशा अटी रद्द केल्या आणि तेलंगण, हिमाचल, मणिपूर, त्रिपुरा एवढेच अपवाद ठेवले. त्यातला तेलंगणचा अपवादही सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये उडवला. मराठीचं ज्ञान ही अट मात्र राज्य घालू शकतं, कारण भाषा येणं म्हणजे वास्तव्य नव्हे. सरकारी नोकरीच्या वादात भाषेला इतकं वजन का आलं, ते यावरून कळावं.

खासगी उद्योगांसाठी सरकारने १९६८ पासून सूचना काढल्या. त्यांचं आजचं रूप १७ नोव्हेंबर २००८ च्या शासन निर्णयात सापडतं: एकूण नोकऱ्यांत किमान ८० टक्के आणि पर्यवेक्षकीय श्रेणीत किमान ५० टक्के स्थानिक हवेत. स्थानिक म्हणजे राज्यात १५ वर्षं वास्तव्य असलेला, मग त्याची मातृभाषा कोणतीही असो. हा कायदा नाही, सवलतीची अट आहे. हरियाणाने मात्र अशा नोकऱ्यांसाठी थेट ७५ टक्क्यांचा कायदा केला आणि उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. महाराष्ट्राची अट टिकली ती सौम्य असल्यामुळेच, आणि तिला दात नाहीत तेही त्यामुळेच. सरकारच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेतून सवलती घेतल्या तरच ती टोचते. गंमत अशी की ही योजना १९६४ मध्ये सुरू झाली ती मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर कारखाने नेण्यासाठी. ज्या शहरासाठी आरडाओरडा झाला, तिथेच अटीचा धाक सर्वांत कमी.

दुसरी पळवाट हजेरीपटाची. टक्केवारी मोजतात ती प्रामुख्याने कंपनीच्या पटावरच्या माणसांची. काम ठेकेदाराकडे गेलं की पट लहान होतो, ८० टक्के आरामात भरतात आणि यंत्रापाशी उभा असलेला माणूस कंपनीच्या मोजणीत येतच नाही. रोजगार विनिमय केंद्रांच्या १९५९ च्या कायद्याचीही हीच तऱ्हा होती. २५ किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेने रिकामी जागा कळवायची असे, पण केंद्राने पाठवलेला उमेदवार घेतलाच पाहिजे असं बंधन नव्हतं.

रिक्षा-टॅक्सीत परमिटासाठी १५ वर्षांच्या वास्तव्याची अट जुनी आहे. भाषेच्या अटीवरून २०१० मध्ये गदारोळ झाला. २०१६ मध्ये रिक्षा परमिटासाठी मराठी सक्तीचं परिपत्रक निघालं, ते उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केलं. पण परमिट असतं मालकाच्या नावावर. गाडी दोन पाळ्यांत भाड्याने चालते, आणि रोजचं भाडं भरून जो उरलेलं खिशात टाकतो त्याच्या कमाईला परमिटाची अट हातही लावत नाही.

आता मजुरी. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि बहुतेकांच्या नोकऱ्या परत आल्याच नाहीत. गिरण्यांमधून यंत्रमागांकडे कापड सरकायला मात्र आधीच सुरुवात झाली होती. गिरणीत महागाई भत्ता, भविष्यनिर्वाह निधी, बोनस होता. भिवंडीच्या यंत्रमागांवर विणलेल्या कापडाच्या मीटरवर मजुरी, १२ तासांची पाळी, कामगार उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणचे. 'परप्रांतीयांनी मजुरी पाडली' असं म्हणताना हा क्रम तपासावा लागतो. काम आधी कामगार कायद्यांच्या आवाक्याबाहेरच्या छोट्या शेडमध्ये गेलं, दर तिथे पडला आणि त्या दरात उभं राहू शकणारा माणूस मागून आला. लालबाग-परळला खोली, बायकामुलं, शाळेची फी असलेल्या माणसाला त्या दरात घर चालवता येत नव्हतं. मागाशेजारीच झोपणाऱ्या, खानावळीत जेवणाऱ्या आणि महिन्याला गावी पैसे धाडणाऱ्या एकट्या माणसाला येत होतं, कारण त्याच्या कुटुंबाचा खर्च गावच्या भावाने होत होता. एकदा असा माणूस मिळू लागला की दर वर चढायचं कारणही उरत नाही. म्हणजे तक्रार अगदी खोटी नाही, पण बोट चुकीच्या टोकाला दाखवलं जातं.

याला उलटं उदाहरण घरातच आहे. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. त्यामागची चळवळ अण्णासाहेब पाटलांची. या कायद्याखालच्या मंडळात मालक, कामगार आणि सरकार या तिघांचे प्रतिनिधी असतात. मालक नोंदवायचा, टोळी नोंदवायची, मजुरी आणि वर लेव्ही (मजुरीवरचा जादा आकार) मंडळाकडे भरायची. लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा यांचे पैसे निघतात. मजुरी मंडळातून जाते, त्यामुळे दाराशी उभ्या असलेल्या स्वस्त माणसाला परस्पर बोलावणं बेकायदा ठरतं. हे कामगारही मुंबईला बाहेरूनच आले होते, बरेचसे सातारा-सांगलीकडून. मजुरी टिकली ती कोण कुठला हे विचारल्यामुळे नाही, दर ठरवण्याची जागा बदलल्यामुळे. अर्थात नोंदणी झालेल्यांचं भलं झालं तरी टोळीत नव्याने शिरणं कठीण झालं, बनावट टोळ्या आणि खंडणीच्या तक्रारीही आल्या.

आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा केंद्रीय कायदा १९७९ चा. स्थानिकाइतकीच मजुरी, महिन्याच्या मजुरीच्या निम्मा किंवा ७५ रुपये यांतला जास्त असेल तो विस्थापन भत्ता, प्रवास भत्ता, फोटो लावलेलं पासबुक: कागदावर सगळं होतं. पण तो लागू व्हायचा फक्त दुसऱ्या राज्यात ठेकेदाराने भरती केलेल्या ५ किंवा जास्त मजुरांना. स्वतः तिकीट काढून आलेला त्यात बसत नसे, आणि ठेकेदाराला विचारलं तर सगळे स्वतःच आलेले असत. त्याच्या जागी आलेली नवी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने स्वतःहून येणाऱ्यालाही व्याख्येत घेतलं, महिना १८,००० रुपयांपर्यंत मजुरी असेल तर. मात्र ५ ची संख्या १० वर नेली आणि विस्थापन भत्ता गाळला.

घरांचा गुंता सर्वांत जुना. १९२० च्या दशकात सरकारने २०७ बीडीडी चाळी बांधल्या, खोली १६० चौरस फुटांची. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडं सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवलं. ते नव्या कायद्याने २००० मध्ये किंचित सुटलं, तेही वर्षाला ४ टक्के वाढीपुरतं. भाड्याने द्यायला नवी चाळ बांधणं आतबट्ट्याचं ठरलं, पगडी बोकाळली आणि गिरणीवाल्याच्या मुलालाही खोली मिळेना. १९७१ च्या झोपडपट्टी कायद्यानंतर १९७६ मध्ये झोपड्यांची मोजणी होऊन फोटोपास (ओळखपत्रं) वाटले गेले. जुलै १९८१ मध्ये अंतुले सरकारने पदपथावरच्या लोकांना उठवून आपापल्या गावी धाडण्याचा हुकूम काढला. त्यावरच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै १९८५ ला उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, पण रीतसर नोटीस देऊन हटवायला मुभाही दिली. १९७६ चं ओळखपत्र असलेल्यांना पर्यायी जागा द्यायची होती. तारखेवर हक्क तोलण्याची रीत अशी पक्की झाली.

मग झोपडी कधीपासूनची असली तर हक्क मिळेल, ती तारीख सरकत गेली. १९७६ नंतर १९८०, १९८५, १ जानेवारी १९९५, १ जानेवारी २०००. २००० ते २०११ मधल्यांना घर मिळतं, पण पैसे भरून. २०२३ मध्ये ती रक्कम अडीच लाख ठरली. पुनर्वसनातली सदनिका २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि मग ३०० वर गेली. 'बाहेरून आलेल्यांना फुकट घर' ही तक्रार इथली. नियम मात्र प्रांत विचारत नाही, तारीख विचारतो. त्या तारखेआधी आलेला खेडचा असो वा जौनपूरचा, दोघे सारखेच. काल स्टेशनवर उतरलेल्याला यातलं काहीच मिळत नाही. तो भाड्याच्या पोटमाळ्यावर राहतो, आणि पोटमाळ्याला झोपडपट्टी पुनर्वसनाच्या सर्वसाधारण योजनेत पात्रता नाही.

वाद होतो तो परिशिष्ट-२ तयार होताना, म्हणजे सक्षम प्राधिकारी पात्र झोपडीधारकांची यादी करतो तेव्हा. जुन्या तारखेची मतदार यादी, वीजबिल, आज तिथे राहत असल्याचा पुरावा, सगळं एकाच पत्त्यावर हवं. मधे झोपडी विकली गेली असेल, यादीत नावाचं स्पेलिंग वेगळं असेल किंवा वीजजोडणी शेजाऱ्याच्या नावावर असेल, तर २५ वर्षं राहिलेला माणूसही अपात्र ठरतो.

रेशनचं थोडक्यात. पूर्वी गावच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय मुंबईत कार्ड निघत नसे, त्यामुळे एकटे आलेले पुरुष बाजारभावानेच धान्य घेत. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण या जोड्यांपासून 'एक देश, एक रेशनकार्ड' सुरू झालं. त्यात माणशी ५ किलोचा केंद्राचा हिस्सा दुसऱ्या राज्यात उचलता येतो आणि उरलेला घरचे गावी घेऊ शकतात. राज्याने स्वतःच्या पैशातून दिलेली भर मात्र सोबत येत नाही. म्हणजे उत्तर प्रदेशच्या कार्डावर मुंबईत उचललेलं धान्य केंद्राच्या हिशेबातलं, महाराष्ट्राच्या तिजोरीतलं नाही. अडतं ते दुकानात: सिमेंट-विटांच्या कामाने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र घेत नाही, किंवा दुकानदार आपला साठा आधी ओळखीच्या कार्डांसाठी राखून ठेवतो.

बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडे बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर जमा होतो. लाभासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. नाक्यावरच्या मजुराची अडचण इथे आहे, मग तो जालन्याचा असो वा झारखंडचा. सकाळी नाक्यावर उभं राहायचं, कुणी मोटारसायकलवरून येऊन दर विचारतो, घासाघीस होते, दोघे निघतात. दहा वाजून गेले की उरलेले आदल्या दिवशीपेक्षा कमी दराला तयार होतात. आज एक मालक, उद्या दुसरा, परवा कुणीच नाही. ९० दिवसांच्या कागदावर सही करायला त्यांतला एकही सापडत नाही.