संगणकाने स्वतःसाठी लिहिलेल्या नोंदी

घरच्या संगणकाला आपल्या माघारी कोणी हात लावला असावा अशी शंका आली, की बहुतेक जण आधी ब्राउझरची हिस्टरी उघडतात आणि तिथे काही दिसले नाही की निर्धास्त होतात. ही समजूत चुकीची आहे. हिस्टरी ही वापरणाऱ्याच्या सोयीसाठी ठेवलेली यादी असते. ती सहज पुसता येते आणि इन्कॉग्निटो खिडकीत तर लिहिलीच जात नाही. भरवसा ठेवावा तो संगणकाने स्वतःच्या कामासाठी ठेवलेल्या नोंदींवर, कारण त्या असतात हेच बहुतेकांना ठाऊक नसते.

विंडोजमधल्या अशा नोंदींपैकी सर्वांत विलक्षण म्हणजे प्रीफेच. २००१ साली विंडोज एक्सपी आले तेव्हा घरोघरच्या संगणकांत फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्क होत्या. प्रोग्रॅम सुरू होताना त्याला स्वतःबरोबर इतर अनेक फाइलींचे भाग लागतात. ते तबकडीवर विखुरलेले असल्यामुळे तबकडी वाचणाऱ्या शीर्षाला (रीड हेड) प्रत्येक भागासाठी इकडून तिकडे सरकावे लागे. एकेका हेलपाट्यात काही मिलिसेकंद जात आणि असे शेकडो हेलपाटे झाले की वापरणारा ताटकळत बसे. त्यावर उपाय म्हणून विंडोज प्रत्येक प्रोग्रॅमवर सुरुवातीचे सुमारे १० सेकंद नजर ठेवते, त्याने कोणत्या फाइलींचे कोणते भाग मागितले याची यादी करते आणि ती सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरच्या आत, ‘प्रीफेच’ याच नावाच्या फोल्डरमध्ये, छोट्या फाइलीत लिहून ठेवते. पुढच्या वेळी, फोडणी घालण्याआधी सगळे साहित्य ओट्यावर काढून घ्यावे तसे, ते भाग आधीच वाचून घेतले जातात.

हेतू केवळ वेगाचा होता, पण त्यातून पुरावा आपोआप तयार होत गेला. या फाइलीच्या नावात प्रोग्रॅमचे नाव आणि पुढे आठ अक्षर-अंकांचा एक संकेत असतो. प्रोग्रॅम कोणत्या ठिकाणाहून चालवला त्यावरून तो संकेत गणिताने काढलेला असतो. म्हणून तोच प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालवला तर वेगळी फाइल तयार होते. फाइल तयार झाल्याची वेळ म्हणजे, जुनी फाइल मध्ये पुसली गेली नसेल तर, प्रोग्रॅम पहिल्यांदा चालल्याची वेळ. शेवटच्या बदलाची वेळ म्हणजे तो अलीकडे चालल्याची वेळ. दोन्हींतून ते निरीक्षणाचे सुमारे १० सेकंद वजा करायचे. विंडोज ८ पासून फाइलीच्या आत शेवटच्या आठ वेळाही असतात. त्या १ जानेवारी १६०१ पासून उलटलेल्या शंभर-शंभर नॅनोसेकंदांच्या ठोक्यांत मोजलेल्या असतात, म्हणजे एका सेकंदाला एक कोटी ठोके. १६०१ हे वर्ष निवडण्याचे कारण असे, की ग्रेगोरियन दिनदर्शिकेचे चारशे वर्षांचे चक्र तिथून सुरू होते आणि लीप वर्षांचा हिशेब सोपा होतो. इन्कॉग्निटोमध्ये कोणते संकेतस्थळ पाहिले हे यातून कळत नाही, पण ब्राउझर सुरू झाला होता हे कळते. काही प्रोग्रॅम आपले आपणच चालू होतात, त्यामुळे माणसानेच उघडावा असा प्रोग्रॅम पाहावा: एखादा खेळ किंवा वर्ड.

दुसरी जागा म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधील सिक्युरिटी लॉग, म्हणजे सुरक्षेची नोंदवही. तेथे ४६२४ क्रमांकाची नोंद यशस्वी प्रवेशाची असते. अशा नोंदींची गर्दी पाहून घाबरू नये. प्रत्येक नोंदीत प्रवेशाचा प्रकार आकड्याने दिलेला असतो. प्रकार ५ म्हणजे विंडोजच्याच सेवा, म्हणजे पडद्यामागे चालणारी कामे. कीबोर्डवरून केलेला प्रवेश सहसा प्रकार २ म्हणून आणि कुलूप लावलेला पडदा उघडणे प्रकार ७ म्हणून दिसते. कोणी हा लॉग पुसला, तर पुसल्याचीच ११०२ क्रमांकाची नोंद उरते.

रात्री संगणक आपोआप जागा झाला म्हणजे हॅकरने तो ताब्यात घेतला, ही भीती मात्र निराधार असते. देखभालीसाठी विंडोजची ठरलेली वेळ मूळ मांडणीत पहाटे दोनची आहे आणि त्यासाठी संगणक झोपेतून उठू शकतो. इव्हेंट व्ह्यूअरमधल्याच सिस्टीम लॉगमध्ये, ‘पॉवर-ट्रबलशूटर’ या नावाच्या नोंदीत जागे होण्याचे कारण टायमर, पॉवर बटन की एखादे उपकरण हे बहुतेकदा लिहिलेले असते. त्या मजकुरातील वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. भारतात तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात, नाहीतर पहाटे दोनची देखभाल आदल्या रात्री साडेआठची घुसखोरी वाटते. ‘तुमचा संगणक हॅक झाला आहे’ असे एखादे संकेतस्थळ ओरडून सांगत असेल, तर ती शुद्ध फसवणूक समजावी, कारण ब्राउझरमधल्या पानाला हे लॉग वाचताच येत नाहीत.

या साऱ्या नोंदी वेळ आणि खाते सांगतात, माणूस सांगत नाहीत. घरात सगळे एकच खाते वापरत असतील तर ४६२४ मध्ये सगळ्यांचे नाव एकच दिसणार. म्हणून प्रत्येकाचे खाते वेगळे हवे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये विनापरवानगी संगणक वापरणे येते, आणि ते अप्रामाणिक वा कपटी हेतूने केले असेल तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. तक्रारीचा विचार असेल तर स्वतः शोध घेत बसू नये, कारण आपण उघडलेला प्रत्येक प्रोग्रॅम त्याच्या आठ वेळांपैकी सर्वांत जुनी वेळ बाहेर ढकलतो. संगणक तसाच ठेवावा आणि डिस्कची हुबेहूब प्रत तज्ज्ञाला काढू द्यावी.