सी ड्राइव्ह लाल झाला की लॅपटॉप का रखडतो

गेल्या महिन्यात नाशिकला मावशीकडे गेलो होतो, चहा व्हायच्या आधीच तिने लॅपटॉप पुढे सरकवला. "अरे बघ ना जरा, चालू करून दूध तापवून येते तरी हा आपला गोल गोल फिरतच असतो." दुकानवाल्याने सांगितलेलं की व्हायरस असणार, फॉरमॅट मारावा लागेल. व्हायरस-बियरस काही नव्हता. सी ड्राइव्ह, म्हणजे विंडोज जिथे बसलेलं असतं ती डिस्क, तिची पट्टी लालभडक, २३८ जीबीपैकी जेमतेम दीड जीबी शिल्लक.

(खोक्यावर २५६ लिहिलंय आणि आत २३८ कसे, हा तिचा पहिला प्रश्न. कोणी ढापलेले नाहीत. खोक्यावरचा जीबी १००० च्या पटीत मोजलेला असतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, २५६ ला तीनदा १.०२४ ने भागा, २३८.४ येतात.)

पण खरा प्रश्न वेगळाच. कपाट गच्च भरलं म्हणून काय आपण घरात हळू चालायला लागतो? मग डिस्क भरली की लॅपटॉप का हळू होतो?

एक कारण रॅमचं. रॅम म्हणजे ओटा समजा आणि डिस्क म्हणजे आतल्या खोलीतलं फडताळ. मावशीच्या ओट्याची लांबी ४ जीबी, त्यात विंडोज स्वतःच ऐसपैस बसलेलं, वर ब्राउझरचे टॅब, वर मीटिंगचं अ‍ॅप, मग जागा पुरत नाही तेव्हा सिस्टिम काय करते, तर जे आत्ता लागत नाही ते उचलून डिस्कवरच्या एका फाइलीत नेऊन ठेवते, पेजफाइल म्हणतात तिला, आणि लागलं की परत आणते. ही ने-आण फार महाग पडते. रॅममधून काही उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीला (नव्या लॅपटॉपमधली, काही न फिरणारी चिप्सची डिस्क) त्याच्या हजारपट आणि जुन्या फिरत्या हार्डडिस्कला लाखपट. म्हणजे ओट्यावरचा चमचा १ सेकंदात हाताला लागत असेल तर एसएसडीतला आणायला सतरा मिनिटं आणि हार्डडिस्कवरचा आणायला एका दिवसाहून जास्त! त्यात डिस्कवर जागाच नसली की ती पेजफाइल वाढू शकत नाही, मग मेमरी कमी आहे असे मेसेज येतात, प्रोग्राम आपोआप बंद पडतात, आणि आपण म्हणतो व्हायरस आला.

दुसरं कारण एसएसडीच्या पोटातलं आहे आणि मला ते जास्त भारी वाटतं. एसएसडीत फ्लॅश मेमरी असते, १९८० च्या दशकात जपानमध्ये तोशिबात काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी शोधलेली. तिला फ्लॅश हे नाव पडलं कारण त्यातला मजकूर कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा एका झटक्यात, अख्खा पुसला जातो. आणि गोम तिथेच आहे. शाळेतली पाटी आठवा, फक्त नियम असा की लिहायचं एकेक ओळ पण पुसायची तर अख्खी पाटीच पुसायची, आणि लिहिलेल्या ओळीवर पुन्हा गिरवायचं नाही. एसएसडीत ओळ म्हणजे पेज, काही केबींचं, आणि पाटी म्हणजे ब्लॉक, ज्यात अशी शेकडो पेजेस. आता पाटीवरच्या पाच ओळी नको झाल्या आणि बाकीच्या हव्यात, तर काय करणार? हव्या असलेल्या ओळी दुसऱ्या कोऱ्या पाटीवर उतरवायच्या, मग पहिली पुसायची. एसएसडी हे काम मागच्या मागे गुपचूप करत असते आणि कोऱ्या पाट्या भरपूर असल्या तर आपल्याला पत्ताही लागत नाही. पण डिस्क गच्च भरली की कोऱ्या पाट्या उरतात मोजक्याच, मग तुम्ही साधी वर्डची फाइल सेव्ह करायला जाता आणि एसएसडीला आधी दहा ठिकाणी उतरवाउतरवी करावी लागते. शिवाय फ्लॅश ठरावीक वेळाच पुसता येते, त्यामुळे या उचापतीत तिचं आयुष्यही झिजतं.

अजून एक गंमत, आजकालच्या बहुतेक एसएसडी फ्लॅशच्या एका कप्प्यात ३ बिट (बिट म्हणजे एक ० किंवा १) कोंबतात, त्यासाठी विजेच्या ८ वेगवेगळ्या पातळ्या अचूक भराव्या लागतात आणि त्याला वेळ लागतो. म्हणून जागा असेल तेव्हा त्या आधी कप्प्यात १-१ बिटच टाकून मोकळ्या होतात आणि नंतर सवडीने नीट लावतात, पाहुणे आले की बॅगा आधी हॉलमध्ये टाकतात तसं. बऱ्याच एसएसडींमध्ये डिस्क भरत गेली की हा हॉलच लहान होत जातो. म्हणून साधारण १५-२० टक्के जागा मोकळी ठेवा असं म्हणतात, हा ढोबळ अंदाज आहे पण चुकीचा नाही.

आता मावशीचा लॅपटॉप. आधी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला, मेमरी ९३ टक्के भरलेली, डिस्क सतत १०० टक्के कामात, म्हणजे रोग कळला. मग सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात स्टोरेज, तिथे कशाने किती जागा खाल्ली ते दिसतं. अजून खोलात जायचं तर विनडिरस्टॅट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते अख्खी डिस्क रंगीत चौकोनांत दाखवतं, जेवढी फाइल मोठी तेवढा चौकोन मोठा. मावशीकडे एक भलामोठा चौकोन निघाला, जुन्या फोनचा ५८ जीबीचा बॅकअप, जो फोन दोन वर्षांपूर्वी एक्स्चेंजमध्ये देऊन टाकलेला! फोटो नवीन फोनमध्ये आहेत हे तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं, मगच उडवला. खाली रिसायकल बिनमध्ये एकाच लग्नपत्रिकेच्या नऊ पीडीएफ आणि फॅमिली ग्रुपवरचे सुप्रभातचे व्हिडिओ. "मी तर हे सगळं डिलीट केलेलं!" केलेलं होतं बरोबर, पण रिसायकल बिन त्याच डिस्कवर असतो, तो रिकामा केल्याशिवाय एक एमबीही सुटत नाही. मात्र एसएसडीवर एकदा बिन रिकामा केला की विंडोज डिस्कला कळवून टाकतं की ह्या ओळी आता नकोत, ट्रिम म्हणतात त्याला, आणि मग त्या परत मिळवणं जवळजवळ अशक्य होतं. तेव्हा आधी नीट बघा.

मोठं अपडेट नुकतंच झालं असेल तर विंडोज डॉट ओल्ड नावाचा फोल्डर दिसेल, बऱ्याचदा १०-२० जीबीचा, तो साधारण १० दिवसांनी आपोआप जातो, घाई असेल तर त्याच स्टोरेजमधल्या टेम्पररी फाइल्समधून काढता येतो. विनएसएक्सएस नावाचा एक अगडबंब फोल्डरही दिसतो, त्याला मात्र हात लावू नका. तो दिसतो तेवढा मोठा नसतोच, कारण त्यातल्या बऱ्याच फाइल्स दोन ठिकाणी दिसतात पण डिस्कवर एकदाच असतात, आणि हाताने उडवला तर विंडोजच बसतं. हायबरनेशनची फाइल (लॅपटॉप बंद करताना रॅममधलं जिच्यात उतरवून ठेवतात ती) बंद करून जागा मिळते म्हणतात, ती साधारण रॅमच्या ४० टक्के असते, १६ जीबी रॅम असेल तर विचार करा, ४ जीबीवर दीड जीबीसाठी लवकर चालू व्हायची सोय घालवण्यात अर्थ नाही, मी नाही केलं. आणि एसएसडीला डीफ्रॅग, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एका जागी लावणं, करत बसू नका, तो हार्डडिस्कच्या जमान्यातला उपाय आहे.

सगळं मिळून ७४ जीबी सुटले. लॅपटॉप आता दूध तापायच्या आत चालू होतो. रॅम मात्र बोर्डालाच चिकटवलेली, वाढवता येत नाही, म्हणून तिला म्हटलं मावशी, टॅब तेवढे कमी उघडत जा. हो म्हणाली. तेव्हा चौदा उघडे होते.